नाल्याचा काठ कोणाचा?

हा लेख नाल्याविषयी आहे, पण त्याची सुरुवात आपण चहापासून करू. काचेचा एक पेला घ्या. त्यात पाणी भरा आणि वापरून झालेली, भिजलेली चिमूटभर चहापत्ती टाका. आता चमच्याने पाणी गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कोठे जमेल? गोल फिरणाऱ्या वस्तू बाहेर फेकल्या जातात असा आपला नेहमीचा अनुभव आहे. म्हणून पत्ती पेल्याच्या कडेला जाईल असे बहुतेक जण सांगतील. प्रत्यक्षात ती तळाच्या मध्यभागी ढीग करून बसते. विश्वास बसत नसेल तर पुढे वाचण्यापूर्वी करून पाहा.

याचे कारण असे. पाणी फिरत असताना ते कडेला थोडे चढते व मध्यभागी खोलगट होते. त्यामुळे कडेला दाब जास्त आणि मध्ये कमी असतो. दाबातील हा फरकच पाण्याला गोल फिरत ठेवणारे अभिकेंद्री बल पुरवतो. वरच्या थरातील वेगवान पाण्याला हे बल नेमके पुरते. तळाजवळ मात्र पेल्याशी होणाऱ्या घर्षणाने पाणी मंदावलेले असते. त्याला एवढ्या बलाची गरज नसते, पण दाब तर तेवढाच असतो. म्हणून तळाचे पाणी मध्याकडे ढकलले जाते आणि जाताना पत्ती घेऊन जाते. मध्यभागी ते वर चढते, पृष्ठभागावरून पुन्हा कडेला येते व खाली उतरते. मुख्य फिरण्याच्या आड असे एक लहानसे चक्र गुपचूप चाललेले असते.

अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली एक छोटा लेख लिहून दाखवून दिले की नदीच्या वळणावर हेच घडते. वळण म्हणजे पेल्याचाच एक तुकडा समजा. पृष्ठभागाजवळचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे सरकते, तेथे खाली बुडी मारते व काठाचा पायथा पोखरते. तळाचे मंद पाणी आतल्या काठाकडे जाते आणि बरोबर आणलेला गाळ तेथे टाकते. बाहेरचा काठ कापला जातो, आतला काठ भरत जातो, आणि वळण वर्षागणिक अधिकच वाकडे होते.

आता पेला बाजूला ठेवा आणि शेतात चला. समजा, वळणाच्या बाहेरच्या काठावर गणपतरावांचे शेत आहे व समोर, आतल्या काठावर, सखारामभाऊंचे. दर पावसाळ्यात गणपतरावांची हातभर जमीन जाते. सखारामभाऊंकडे मात्र गाळाची पट्टी वाढते, आणि चार-सहा वर्षांनी ते तिच्यावर हरभरा पेरू लागतात. गणपतरावांना वाटते, आपली जमीन समोरच्याने खाल्ली. सखारामभाऊ म्हणतात, मी तर कुदळही लावली नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. भांडण तहसीलपर्यंत जाते आणि नाला आपले काम करीत राहतो. मग गणपतराव पदरचे पैसे घालून आपल्या काठाला दगड रचतात. तो काठ वाचतो. पण पाण्याची ऊर्जा कोठे जाणार? तेथे माती कापण्यात खर्च न झालेली ऊर्जा घेऊन पाणी पुढच्या वळणावर पोचते, आणि तेथे तिसऱ्याच कोणाचे तरी शेत असते.

मुंबई-पुण्याच्या वाचकांनी ‘नाला’ या शब्दाला नाक मुरडू नये. तुमच्याकडे नाला म्हणजे सांडपाणी. आमच्या विदर्भात नाला म्हणजे ओढा, पावसाळ्यात भरून वाहणारा आणि उन्हाळ्यात वाळू उघडी टाकणारा. आमचा बुलढाणा जिल्हा अशा नाल्यांच्या दृष्टीने मोठा नामी आहे. लोक त्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग करतात. चिखली घाटावर येते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाण्याजवळ उगम पावलेली पैनगंगा चिखली व मेहकर तालुक्यांतून पूर्वेकडे जाते आणि तिचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या मात्र घाट उतरून उत्तरेला पूर्णेकडे जातात व तापीबरोबर अरबी समुद्र गाठतात. एकाच जिल्ह्यात शेजारी पडलेल्या दोन थेंबांची अशी कायमची ताटातूट होते.

पाऊस साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्यातला मोठा वाटा थोड्याच जोरदार सरींत पडतो. वर्षाचे सात-आठ महिने नाला कोरडा असल्याने काठाची आठवण राहत नाही. ट्रॅक्टरवाला अगदी कडेपर्यंत नांगर नेतो. पूर्वी धुऱ्यावर व काठावर असलेली जांभळे, उंबर, करंज तुटून गेली. जेथे झाड उरले नाही तेथे बेशरम माजली. गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, जेथे नाल्याला लागून आहे तेथे गवत मुळापर्यंत चरले जाते. मग एखादा पाऊस असा येतो की सगळा हिशेब एका रात्रीत होतो. २२ जुलै २०२३ रोजी घाटाखालच्या संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नदी-नाल्यांच्या पुराने शेतजमिनी खरडून गेल्या. पीक बुडाले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. माती गेली तर कशात पेरणार?

वेग थोडा वाढला तर काय बिघडते?

वाहत्या पाण्याविषयी एक नियम आहे. तो ऐकून प्रथम कोणालाही अतिशयोक्ती वाटते: पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौसष्टपट वजनाचा दगड हलवू शकते. हे आपण वहीवरच पडताळू. वेग दुप्पट झाला की दगडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरील रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे चौपट होतो. आता पहिल्यापेक्षा लांबी, रुंदी व उंची चौपट असलेला दगड घ्या. त्याचे वजन ४ × ४ × ४ = ६४ पट. रेटा झेलणारे क्षेत्रफळ १६ पट, आणि प्रत्येक भागावर रेटा चौपट, म्हणून एकूण रेटाही ६४ पट. तराजू बरोबर जुळला. याचा अर्थ हलवता येणाऱ्या दगडाचे वजन वेगाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढते.

एक वळणावळणाचा नाला १२०० मीटर लांब आहे आणि तेवढ्या अंतरात ४ मीटर उतरतो, असे समजा. उतार झाला ३०० मध्ये १. कोणी यंत्र लावून त्याला सरळ केले व लांबी ८०० मीटर झाली. चढउतार तोच, म्हणून उतार आता २०० मध्ये १, म्हणजे दीडपट. वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. इतर गोष्टी तशाच राहिल्या तर तो सुमारे १.२२ पट होईल. बावीस टक्के वाढ काही फार वाटत नाही. पण १.२२ चा सहावा घात काढा: जवळजवळ ३.४. काल जो नाला एक किलोचा दगड लोटत होता तो आज साडेतीन किलोच्या आसपासचा लोटू लागला!

खोलीचेही तसेच. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाण्याची जी ओढ पडते ती पाण्याची खोली व उतार यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. २०० मध्ये १ उतारावर १ मीटर खोल पाणी वाहत असेल तर ती ओढ सुमारे ५ किलोग्रॅम-भार येते. तेच पाणी ३ मीटर खोल वाहू लागले की १५. उथळ नाला पूर आला म्हणजे काठाबाहेर पसरत असे व तेथे गाळ टाकून थकत असे. खोल नाल्यात सगळा पूर आतच कोंडला जातो आणि त्याचा जोर तळावर व काठांवर चालतो.

हे सांगण्याला कारण आहे. आमच्या जिल्ह्यात नाला खोलीकरण व गाळ काढण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. २०१८ साली भारतीय जैन संघटना व जिल्हा प्रशासन यांनी ‘सुजलाम् सुफलाम्’ या नावाने ते हाती घेतले. संघटनेने जेसीबी व पोकलेन यंत्रे दिली, शासनाने डिझेल दिले, शेतकऱ्यांनी गाळ आपल्या खर्चाने वाहून शेतात पसरला. त्याच सुमारास महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम तलाव-नाले खोल करून घेण्याची पद्धत येथे रूढ झाली. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ती देशभर सांगितली गेली. रस्त्यालाही माती मिळाली आणि पाण्यालाही जागा झाली. कल्पना खरोखर चतुर आहे. त्याच वर्षीच्या पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने श्रमदान करून राज्यात दुसरे स्थान मिळवले. (जिजाऊंचे सिंदखेड राजा ते वेगळे.)

या कामांची मला थट्टा करायची नाही. जेथे वरून गाळ थांबवला, ठिकठिकाणी आडवे बांध ठेवले आणि खडकापर्यंत अविचाराने खणले नाही, तेथे विहिरींना पाणी आले. पण खोलीकरण म्हणजेच नाल्याची सुधारणा, ही समजूत धोक्याची आहे. नाला शेजारच्या विहिरींतील पाण्याच्या पातळीपेक्षा खोल गेला तर तो पाणी मुरवण्याऐवजी विहिरींचे पाणी ओढूनही घेऊ शकतो. आणि उभे, उघडे काठ तर नक्कीच ढासळतात. तुम्ही पाहिले असेल, दरड बहुधा पूर चढताना कोसळत नाही, ओसरल्यावर कोसळते. पुरात काठाची काळी माती पाणी पिऊन जड होते, पण नाल्यातील पाणी तिला बाहेरून टेका देत असते. पूर झटकन उतरला की टेका गेला. आतले पाणी मात्र चिकणमातीतून हळूहळूच निघते. जड झालेला काठ स्वतःच्या भाराने खाली बसतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगा हे काम आणखी सोपे करतात.

यंत्र एका आठवड्यात नाला खोदून जाते. काठ बांधून ठेवण्याचे काम मुळांचे आहे, आणि मुळांना डिझेल लागत नाही, वर्षे लागतात. वाळ्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा ही तर पाण्याकाठचीच झाडे. गवत दुसरेही एक काम करते. शेतातून नाल्याकडे येणारे पाणी ते मंदावते आणि मातीला खाली बसायला वेळ देते. किती वेळ लागतो ते सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमाने काढता येते. कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०५ मिलिमीटर व्यासाचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर खाली जातो. एक सेंटिमीटर खोलीच्या ओघळात त्याला तळ गाठायला पाच सेकंद पुरेत. पाणी गवतातून सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने जात असेल तर पाच मीटर रुंद पट्टा ओलांडायला त्याला पन्नास सेकंद लागतात. म्हणजे हा कण अडकला! पण ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण घ्या. व्यास पंचविसावा हिस्सा, म्हणून वेग ६२५ वा हिस्सा. त्याला तीच एक सेंटिमीटर उतरायला पाऊण तास लागेल. तो गवतातून सहीसलामत निसटतो. काळ्या मातीचे कण पुष्कळदा गुठळ्या होऊन वाहतात, त्यामुळे त्यांतले काही अडतात, हे खरे. तरीही काठावर पट्टा लावला की नाल्याचे पाणी काचेसारखे होईल असे कोणी सांगितले तर त्याला स्टोक्सचा नियम दाखवा. वरच्या शेतांत बांधबंदिस्ती हवीच.

दहा आर कोणी द्यायचे?

पाच मीटरचा पट्टा बोलायला सोपा आहे. ज्याच्या शेताचा काठ २०० मीटर लांब आहे त्याला ५ × २०० = १००० चौरस मीटर, म्हणजे १० आर, जवळजवळ पाव एकर सोडावी लागेल. दहा एकरवाल्याला ते जड नाही. दोन एकरवाल्याचा आठवा हिस्सा गेला. एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरले तर दरवर्षी दीड क्विंटलचे नुकसान. आणि फायदा कोणाला? थोडा त्याला, पण बराचसा खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला, ज्याच्या बंधाऱ्यात गाळ कमी येईल. भौतिकशास्त्राने येथवर आणून सोडले. पुढचे गणित माणसांचे आहे. नाल्याचे पात्र कायद्याने शासनाचे, काठ चाळीस मालकांचा, मधली चराई सगळ्या गावाची, आणि पाणी मात्र एकच. चाळिसांपैकी एकाने झाडे लावली व एकोणचाळिसांनी नांगर घातला तर त्या एकाचाही काठ टिकत नाही.

म्हणून जेथे जेथे हे काम टिकले तेथे आधी नियम ठरले, आणि ते ज्यांना पाळायचे होते त्यांनीच ठरवले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली. बंदीचा अर्थ गवताला हात लावायचा नाही असा नव्हता. जनावर सोडायचे नाही, पण ठरलेली रक्कम भरून विळ्याने गवत कापून न्यायचे. मुळे शाबूत राहिली आणि गोठ्यात चाराही आला. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या खोऱ्यात लोकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जोहड, म्हणजे मातीचे लहान बांध घातले. कोरडी नदी वाहती झाली. वाहू लागल्यावर तिच्यातील मासेमारीचा ठेका बाहेरच्यांना देण्याचा प्रश्न उभा राहिला! त्या झगड्यातून १९९९ मध्ये सुमारे सत्तर गावांची ‘अरवरी संसद’ उभी राहिली. वरच्या गावांनी किती पाणी घ्यायचे, जास्त पाण्याची पिके घ्यायची की नाही, काठावर काय तोडायचे नाही, हे ती ठरवू लागली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८६ पासून शेजारी शेतकऱ्यांचे ‘लँडकेअर’ गट निघाले. ओढ्याकाठी कुंपण घालून गुरांना दुसरीकडे पाणी पाजणे हा त्यांच्या कामांपैकी एक.

पण मला या बाबतीत सर्वांत हुशारीची वाटते ती आपल्या धुळे-नाशिक भागातील जुनी फड पद्धत. पांझरेसारख्या नद्यांवरील बंधाऱ्यांखालची जमीन फडांत वाटलेली असे. शेतकऱ्याची जमीन एकाच जागी नसून वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असे, आणि एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा राही; त्यात सर्वांचेच थोडे जाई, एकट्याचे सगळे नाही. काठाच्या दहा आरांचाही असाच विचार करता येईल. पट्ट्यातील गवत व जांभळाचे उत्पन्न प्रथम ज्याची जमीन गेली त्याला, आणि त्याच्या कुंपणाचा खर्च सगळ्या नाल्याने वाटून घ्यायचा. एक गोष्ट मात्र अशा सभांत सहसा बोलली जात नाही. चराई बंद झाली की पहिला फटका बसतो तो शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला. त्याच्याकडे ना काठ, ना बंधारा, ना विहीर. गवत कापण्याचा पहिला हक्क त्याला दिला नाही तर तो रात्री शेळ्या सोडेल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

सभेत प्रत्येक जण आपल्या आठवणीतला नाला सांगतो. ‘माझ्या आजाच्या वेळी काठ त्या बाभळीपाशी होता’, असा पुरावा कोणी खोडूही शकत नाही आणि मानूही शकत नाही. येथे तुमचा उपयोग आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शिक्षकांबरोबर आणि शेतमालकाला विचारून, जवळच्या नाल्याच्या एका वळणावर दोन्ही काठांना दर दहा मीटरवर एक खुंटी ठोका; कडेपासून बरोबर तीन मीटर आत. प्रत्येक खुंटीला क्रमांक द्या. पावसाळा संपल्यावर खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर पुन्हा मोजा. एखाद्या ठिकाणी ते २.४ मीटर भरले, तर ६० सेंटिमीटर काठ गेला. काठाची उंची माहीत असेल तर किती घनमीटर माती गेली तेही निघेल. एका बाजूला गवताचा काठ व दुसरीकडे नांगरलेला काठ असे वळण मिळाले तर उत्तमच. पण दोन्ही जागा एकाच बाजूच्या, म्हणजे दोन्ही बाहेरच्या किंवा दोन्ही आतल्या असल्या पाहिजेत, नाहीतर तुलना चुकेल. का, ते चहाच्या पेल्याने सांगितलेच आहे.

पाण्याचा वेगही मोजा. घोट्याइतके पाणी वाहत असताना दहा मीटर अंतर आखून त्यात एक संत्रे सोडा. विदर्भात त्याची वाण नाही. संत्रे जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते, म्हणून त्याला वारा लागत नाही. लागलेल्या सेकंदांनी दहाला भागा व उत्तराला ०.८५ ने गुणा; हा पाण्याचा सरासरी वेग, कारण पृष्ठभाग सरासरीपेक्षा वेगाने धावतो. पूर असताना मात्र नाल्याजवळही जायचे नाही. चौसष्टपटीचा नियम माणसालाही लागू आहे.

मोजमापाचा तक्ता मोठ्या कागदावर लिहून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लावता येईल. दोन-तीन पावसाळ्यांचे आकडे झाले की गणपतराव व सखारामभाऊ यांना वाद घालायला निदान एकच कागद मिळेल.

खुंट्यांविषयी एक सूचना. लाकडी खुंट्या दिवाळीपर्यंत कोणाच्या तरी चुलीत जातात. जुन्या सळईचे हातभर तुकडे घ्या, दोन बोटे वर ठेवून पूर्ण ठोका, वरच्या टोकाला रंग लावा, आणि जवळच्या दोन झाडांपासूनची त्यांची अंतरे वहीत टिपून ठेवा, म्हणजे गवत वाढल्यावर सापडतील.